दर्या आणि दऱ्या : मुक्त स्रोत प्रकल्पांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मुक्त स्रोत, म्हणजेच ओपन सोर्स (ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो असे), सॉफ्टवेअरविषयी लिहिताना ‘या कामाला आपणही हातभार लावू शकता’ असे एक वाक्य मी सहज लिहून गेलो आणि त्या एका वाक्यावर अलिबागपासून मालवणपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. निवडक पत्रांतील प्रश्न संक्षेपाने देऊन खाली उत्तरे दिली आहेत. नाव छापू नये अशी काही जणांची इच्छा असल्यामुळे कोणाचेच छापलेले नाही.

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. वरच्या वर्गातील मुले म्हणतात की गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) योगदान दिसल्याशिवाय मुलाखतीत कोणी विचारत नाही. म्हणून लिनक्स कर्नलचा, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचा, कोड उतरवून घेतला आणि आठवडाभर वाचला. काहीही कळले नाही. सुरुवात कुठून करावी?
– विद्यार्थिनी, देवरुख

उत्तर : कर्नल आठवडाभरात कळला नाही यात तुमचे काहीच उणे नाही. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवल्ड्सने १९९१ च्या ऑगस्टमध्ये छंद म्हणून जाहीर केलेला तो प्रकल्प आज तीन कोटींहून अधिक ओळींचा झाला आहे, आणि त्यात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांनाही आपापल्या भागापलीकडचे जेमतेमच ठाऊक असते. प्रकल्पाचे नाव किती मोठे आहे हे पाहून निवड करू नये. जे सॉफ्टवेअर आपण रोज वापरतो आणि ज्याच्यावर अधूनमधून चिडतो, ते निवडावे; कारण चिडण्याचे कारण नेमके सांगता आले की निम्मे योगदान झालेले असते.

माझेच उदाहरण देतो. टिपणे ठेवण्याचे एक छोटे मुक्त स्रोत ॲप मी वापरत असे. एकदा त्यात ‘आंबा घाटाखालच्या दऱ्या’ असे लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहतो तर ‘आंबा घाटाखालच्या दर्या’. रत्नागिरीकराला दर्या कितीही प्रिय असला तरी तो घाटाखाली आलेला चालत नाही.

शोध घेतल्यावर कारण सापडले. दऱ्या, वाऱ्यावर, कोऱ्या या शब्दांतला आपला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ऱ आणि त्याच्यापुढे हलन्त येतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे, डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह येते. माझा कीबोर्ड दुसऱ्या प्रकारे लिहीत होता. ॲपमध्ये मात्र मजकूर साठवण्यापूर्वी सगळी अदृश्य चिन्हे काढून टाकणारी एक ओळ होती, कारण इकडून तिकडून चिकटवलेल्या मजकुरासोबत तसला कचरा पुष्कळ येतो. त्या कचऱ्याबरोबर आमचे जोडचिन्हही जात होते, उरलेल्या र चा रफार होत होता आणि दऱ्यांचा दर्या बनत होता.

मी लगेच कोडला हात लावला नाही. आधी इश्यू, म्हणजे दोषाची तक्रार, नोंदवला : मी काय टंकले, काय दिसायला हवे होते, काय दिसले, ॲपची आणि फोनची आवृत्ती कोणती, दोन्ही शब्दांमागचे युनिकोड क्रमांक कोणते. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा गृहस्थ, युरोपातला. त्याने मराठी कधी पाहिलेलीही नव्हती. एका शब्दाचा अर्थ समुद्र आणि दुसऱ्याचा डोंगरांमधल्या खोल जागा, हे मी दोन ओळींत सांगितले. त्याला पटले ते मात्र तिसऱ्या ओळीमुळे. आई, वडील आणि मूल एकत्र असलेले जे कुटुंबाचे इमोजी असते, ते तीन स्वतंत्र इमोजी याच अदृश्य चिन्हाने जोडून तयार होते. म्हणजे त्याच्या ॲपमध्ये दऱ्यांबरोबर कुटुंबेही फुटत होती. त्याच संध्याकाळी ‘दुरुस्ती पाठवाल का?’ असे उत्तर आले. दुरुस्ती एका ओळीची निघाली आणि ती पुन्हा बिघडू नये म्हणून लिहिलेली चाचणी पाच ओळींची.

तुम्हीही याच क्रमाने जावे. प्रकल्पात योगदानाचे नियम सांगणारी एक फाइल बहुधा असते. ती पूर्ण वाचावी. कोड आपल्या यंत्रावर उभा करून त्याच्या चाचण्या चालवून पाहाव्यात, आणि यातच पहिल्या दोनतीन संध्याकाळी जातात हे गृहीत धरावे. या खटपटीत सूचनांमधली जी पायरी चुकीची किंवा जुनी निघेल तिची दुरुस्ती हेच पहिले योगदान होऊ शकते. जुन्या लोकांना त्या पायऱ्या पाठ झालेल्या असतात, त्यांना ती चूक दिसत नाही. नवख्याची नजर जेमतेम दोन आठवडे टिकते, तेवढ्यात ती वापरून घ्यावी. अलीकडे स्वीकारलेल्या वीसएक पुल रिक्वेस्टही (आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशा विनंत्या) चाळाव्यात, म्हणजे येथे उत्तर किती दिवसांत मिळते आणि कोणत्या भाषेत मिळते याचा अंदाज येतो. शेवटचा बदल दोन वर्षांपूर्वीचा असेल तर त्या दारात थांबू नये.

‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावलेली कामे नवख्यांसाठीच राखलेली असतात, पण तेथे गर्दी फार. ‘हे मी करू का?’ एवढे लिहून गायब होणाऱ्यांमुळे ती कामे महिनोन्महिने अडकून राहतात, हेही मी पाहिले आहे. दोष स्वतःच्या यंत्रावर घडवून पाहिला, त्याचे कारण अमुक फाइलमध्ये दिसते, असे लिहून मग काम मागावे. राहिला मुलाखतीचा प्रश्न. गिटहबवरचे, योगदानाचे दिवस दाखवणारे हिरवे चौकोन मोजणारे मुलाखतकार असतीलही. पण ज्याच्यावर चर्चा झाली, चूक दाखवली गेली आणि ती तुम्ही सुधारली असा एकच बदल उघडून दाखवता आला, तर बोलायला अर्धा तास पुरत नाही.

प्रश्न : मी मराठीचा निवृत्त शिक्षक आहे. प्रोग्रॅमिंग येत नाही आणि आता शिकण्याची उमेदही नाही. इंग्रजी बरे आहे. माझ्यासारख्याचा या कामात काही उपयोग आहे का?
– वाचक, मालवण

उत्तर : गुरुजी, तुमच्यासारख्यांचीच वानवा आहे. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळ्या झालेल्या लिबरऑफिस या ऑफिस संचाचे भाषांतर वेबलेट नावाच्या व्यवस्थेवर चालते, फायरफॉक्सचे पॉन्टूनवर. दोन्ही ठिकाणी खाते उघडले की एकेक इंग्रजी वाक्य समोर येते आणि खाली मराठी लिहायची जागा असते. कोडशी संबंध येत नाही. ग्रंथालयात वावरण्याची आवड असेल तर ‘कोहा’ पाहावे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण ग्रंथालय संस्थेसाठी १९९९ मध्ये हे सॉफ्टवेअर तयार होऊ लागले. कोहा या माओरी शब्दाचा अर्थ भेट असा आहे. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत आज पुस्तकांची देवघेव त्याच्यावर चालते.

काम वाटते तितके सरळ नाही, आणि म्हणूनच त्याला शिक्षक हवा. ‘ओपन’ असा एकटा शब्द समोर येतो. तो बटणावरची आज्ञा आहे की फाइलची अवस्था, हे शेजारची टीप वाचल्याशिवाय कळत नाही. ‘अमुक हटवले’ या वाक्यात अमुकच्या जागी टक्केचिन्हाची एक खूण असते आणि प्रत्यक्ष नाव संगणक नंतर भरतो. इंग्रजीला त्याचे काही वाटत नाही. मराठीत मात्र फाइल हटवली जाते, दस्तऐवज हटवला जातो आणि चित्र हटवले जाते. अशा वेळी ‘हटवण्याचे काम पूर्ण झाले’ असे वाक्य फिरवून घ्यावे लागते. ती खूण मात्र जशीच्या तशी ठेवावी लागते, कारण तिच्यातले एखादे अक्षर गळले तर प्रोग्रॅम तेथे अडखळू शकतो. एकाच पडद्यावर कोठे ‘जतन करा’ आणि कोठे ‘साठवा’ दिसणे हा तर आपला जुना रोग. नवा शब्द सुचला तरी तो एकट्याने बदलू नये; आधी गटापुढे मांडावा, ठरला की सगळीकडे बदलावा. सामान्य माणसाला ‘फाइल’ समजते, तेथे संस्कृतातून नवी धारिका घडवण्याच्या मी विरुद्ध आहे. तुमचे मत निराळे असू शकेल. भाषांतरकारांच्या गटात यावरच सर्वांत जास्त वाद होतात.

टंकनाचा कंटाळा असेल तर मोझिलाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठीही आहे. समोर आलेले वाक्य मोठ्याने वाचायचे, किंवा दुसऱ्याने वाचलेले ऐकून ते बरोबर आहे की नाही एवढे सांगायचे. यंत्राला पुण्याचीच मराठी ऐकू येऊ नये, तिच्यात मालवणी हेलही असावा, असे वाटत असेल तर तो हेल तेथे कोणीतरी पोहोचवायला हवा. दिलेला आवाज कायमचा सार्वजनिक होतो, एवढे ध्यानात ठेवून द्यावा.

पायी फिरण्याची सवय असेल तर आणखी एक काम आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा लोकच भरतात. दाभोळ ते धोपावे अशी गाड्या नेणारी फेरीबोट नकाशात नसेल, तर गाडीवाल्याला खाडीचा वळसा घालून जाण्याचा रस्ता दाखवला जातो. ही झाली मोठी गोष्ट. वाडीतून वाडीत उतरणारी जांभ्या दगडाची पाखाडी, पऱ्ह्यावरचा साकव, ओहोटीलाच उघडी पडणारी किनाऱ्यावरची वाट, या गोष्टी उपग्रहाच्या चित्रात माडांखाली झाकलेल्या असतात. त्या चालणाऱ्यालाच ठाऊक. पाखाडीला पायऱ्यांची नोंद आहे, भरतीखाली जाणाऱ्या वाटेलाही स्वतंत्र खूण आहे आणि प्रत्येक ठिकाणाला मराठी नावाचा वेगळा रकाना आहे. फक्त गूगलच्या नकाशातून काहीही पाहून उतरवू नये. ती माहिती दुसऱ्याच्या मालकीची आहे आणि तसे आढळले तर तुमचे सगळेच काम पुसले जाण्याचा धोका असतो.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी पुल रिक्वेस्ट पाठवली, अजून उत्तर नाही. त्याआधीच्या एकीवर ‘हे कशासाठी?’ एवढाच शेरा आला होता. आपण कोकणातले, इंग्रजी साधारण, म्हणून हे लोक असे वागतात का?
– वाचक, गुहागर

उत्तर : तसे वाटणे साहजिक आहे, पण बहुतेक वेळा कारण त्याहून साधे असते. तुमचा बदल वाचणारा माणूस दिवसभराची नोकरी करून, मुले निजल्यावर तासभर बसलेला असतो आणि त्याच्यापुढे तुमच्यासारखे चाळीस बदल पडलेले असतात. ‘हे कशासाठी?’ हा टोमणा नसावा. तो खरोखरचा प्रश्न असावा. बदलासोबतच्या वर्णनात तुम्ही काय केले ते लिहिले असेल. का केले ते लिहिले होते का, ते पाहा. पहिल्या दोन वाक्यांत अडचण, मग उपाय, मग तपासले कसे, एवढे असले की इंग्रजी साधे असून भागते. लहान वाक्यांचे इंग्रजी तेथे उलट बरे पडते, कारण वाचणाऱ्यांतल्या पुष्कळांची मातृभाषाही इंग्रजी नसते.

तीन आठवडे झाले असतील तर एकदा सौम्य आठवण द्यावी, तीही मोकळ्या हाताने देऊ नये : मुख्य शाखेतले (प्रकल्पाच्या मूळ कोडमधले) नवे बदल मिसळून घेतले, चाचण्या पुन्हा चालवल्या, आणखी काही हवे असल्यास सांगावे, अशी. शेरे आले की त्याच पुल रिक्वेस्टमध्ये दुरुस्ती करावी, रागाने नवी उघडू नये. आणि चारशे ओळींचा बदल असेल तर त्याचे लहान लहान तुकडे करावेत. चाळीस ओळी वाचायला माणूस तयार होतो, चारशे पाहून तो उद्यावर ढकलतो. माझ्या पहिल्यावहिल्या पॅचवर, म्हणजे बदलावर, अकरा शेरे आले होते आणि त्यांतले नऊ मोकळ्या जागा आणि नावांविषयीचे होते. दोन दिवस मी तोंड फुगवून बसलो होतो.

मेंटेनर नवख्यांविषयी थोडे सावध का असतात, त्यालाही इतिहास आहे. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या उपक्रमात ठरावीक पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. २०२० मध्ये त्या शर्टापायी माहितीच्या फाइलींत एखादा शब्द घुसडणाऱ्या बदलांचा असा पूर आला की आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती आहे त्यांनाच उपक्रमात धरावे लागले. आता त्याची जागा एआयने लिहिलेल्या बदलांनी घेतली आहे. कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे जनक डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने लिहिलेल्या बनावट सुरक्षा अहवालांविषयी जाहीर तक्रार केली आहे. एआयची मदत घेणे गैर आहे असे मी म्हणत नाही. पण प्रकल्पाचा त्याविषयीचा नियम वाचावा, मदत घेतली असेल तर सांगावी, आणि जी ओळ स्वतःला समजावून सांगता येत नाही ती पाठवू नये.

प्रश्न : माझा मुलगा रात्री जागून परदेशातल्या लोकांसाठी फुकट काम करतो. यातून त्याला काय मिळणार?
– एक पालक, राजापूर

उत्तर : पैशांचे मार्ग आहेत, पण सरसकट नाहीत. गूगल समर ऑफ कोड हा उपक्रम २००५ पासून चालू आहे. त्यात अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मार्गदर्शकाखाली काम आणि मानधन मिळते, आणि २०२२ पासून विद्यार्थी असण्याची अटही राहिलेली नाही. आउटरीची या दुसऱ्या उपक्रमातही मानधन आहे. तेथे निवडीआधीच प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान द्यावे लागते. मुंबईत घडलेले ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचे व्यवहार सांभाळणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्यावर व्यवसाय उभे आहेत, तेव्हा सगळे काम परदेशासाठीच असते असेही नाही. मुलगा नोकरी करत असेल तर एक कागद मात्र आज रात्रीच काढून वाचावा : काही कंपन्यांच्या करारात, नोकरीच्या काळात लिहिलेला कोड कंपनीचा, असे कलम असते. तसे असेल तर लेखी परवानगी घ्यावी.

प्रश्न : एका प्रकल्पात दीड वर्ष नियमित बदल पाठवत आहे, बहुतेक स्वीकारले जातात. आता पुढची पायरी कोणती? मला मेंटेनर व्हायचे आहे, पण ते मागावे कसे हे कळत नाही.
– वाचक, चिपळूण

उत्तर : शिमग्यात पालखी नाचवायला खांदे पुष्कळ मिळतात, पण वर्गणीचा हिशेब लिहिणे आणि सगळे घरी गेल्यावर सहाणेजवळची झाडलोट करणे ही कामे जो करतो, त्याला पुढच्या बैठकीत गावकरी आपणहून विचारतात. (आपल्याकडचे मानकरी वंशपरंपरेने ठरतात, तो भाग निराळा.) कोड लिहिणे ही येथली पालखी आहे. तुम्ही दीड वर्ष ती नाचवलीत. आता दुसऱ्यांचे बदल वाचायला लागा. त्यासाठी अधिकार लागत नाही : बदल आपल्या यंत्रावर उतरवून चालवावा, कोठे फुटतो ते लिहावे, फुटत नसेल तर काय काय तपासले ते लिहावे. कर्नलच्या जगात बदलाखाली ‘टेस्टेड-बाय’ आणि ‘रिव्ह्यूड-बाय’ अशा ओळींत असे काम करणाऱ्यांची नावे कायमची नोंदली जातात. जुने, कोणी न पाहिलेले इश्यू घेऊन ते नव्या आवृत्तीत अजून घडतात का ते पाहणे, नवी आवृत्ती येण्याआधी तिची चाचणी घेणे, नवख्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, यांतून प्रकल्पाची सर्व अंगे माहीत होतात. मग एखादा कोपरा, ज्याला सध्या वाली नाही, तो ‘मी सांभाळतो’ म्हणून मागता येतो. अपाची फाउंडेशन या मुक्त स्रोत प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत तर मागण्याची वेळही सहसा येत नाही. आधीचे लोक आपसांत मतदान करून कमिटर, म्हणजे थेट बदल करण्याचा अधिकार असलेला, होण्याचे निमंत्रण देतात.

हे सगळे इतके संथ का, याचे उत्तर २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाला मिळाले. फाइलींचा आकार कमी करण्याचे एक्सझेड हे साधन लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर असते आणि ते वर्षानुवर्षे मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया तान’ नावाच्या खात्याने दोन वर्षांहून अधिक काळ त्यात चांगले, उपयोगी बदल पाठवले. त्याच सुमारास इतर काही खाती थकलेल्या मेंटेनरवर ‘दुसऱ्याला अधिकार द्या’ असा दबाव आणत राहिली. अधिकार मिळाला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतून चोरदरवाजा बाहेर पडला. तो सापडला केवळ आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले म्हणून.

म्हणून तुमच्या प्रकल्पाने तुमच्याविषयी सावकाशीने घेतले तर ते मनाला लावून घेऊ नका. आणि तिकडचा मेंटेनर थकलेला दिसला तर ‘मला अधिकार द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘या महिन्याचे इश्यू मी पाहतो’ असे म्हणा आणि खरोखर पाहा. आठवड्याला किती तास देता येतील ते आकड्यात सांगा. गणपतीत पंधरा दिवस गावी मशगूल असणार असाल तर तेही आधी कळवा. न सांगता नाहीसा होणारा हुशार माणूस प्रकल्पाला फार महाग पडतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे लाइट आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. लॅपटॉप जुना, चार जीबीचा. अशात हे काम जमेल का?
– वाचक, दापोली तालुका

उत्तर : जमेल, प्रकल्प बेताचा निवडला तर. टॉरवल्ड्सनेच २००५ मध्ये लिहिलेले गिट हे साधन अशा परिस्थितीला सोयीचे आहे : प्रकल्पाचा सारा इतिहास आपल्या यंत्रावर असतो, त्यामुळे कमिट करणे (बदल नोंदवून ठेवणे), शाखा काढणे (बदलांसाठी वेगळी वाट घेणे), जुने बदल शोधणे हे सगळे नेटवर्कशिवाय होते, जोडणी लागते ती फक्त देताना आणि घेताना. अडचण पहिल्या क्लोनची, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवून घेण्याची, आहे. तो मध्येच तुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो, म्हणून आधी फक्त शेवटच्या आवृत्तीपुरता उथळ क्लोन घ्यावा आणि जुना इतिहास नेटवर्क बरे असेल त्या दिवशी थोडा थोडा ओढावा. मोठा ब्राउझर किंवा ऑफिस संच चार जीबीत पूर्ण बांधण्याच्या फंदात पडू नये. फायरफॉक्समध्ये काम करायचेच असेल, तर आधीच बांधलेले भाग उतरवून फक्त दर्शनी कोड बदलण्याची सोय आहे, ती वापरावी. पायथन किंवा जावास्क्रिप्टमधला छोटा प्रकल्प असेल तर एवढाही विचार करावा लागत नाही. जून लागण्यापूर्वी लागणारी सगळी पॅकेजे आणि प्रकल्पाचे दस्तऐवज उतरवून ठेवावेत, आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला की कमिट करून चार्जरची पिन काढावी.